तीन दशांश मिलिमीटर

नागपूर जिल्ह्यातल्या खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रात मी फिटर होतो. २१० मेगावॉटचे चार संच आणि ५०० मेगावॉटचा एक, मिळून १,३४० मेगावॉट. तिथले पंप, मोटारी आणि कोळशाच्या मिल उघडण्यात आणि पुन्हा बसवण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर हातांना काम हवं होतं. आमच्या भागात धारवाल्याची फेरीही जवळजवळ थांबली होती. सायकल स्टँडवर उभी करून, पायडल मारत ठिणग्या उडवणारा तो माणूस आता दिसला तर एखाद्या महिन्यात दिसतो. म्हणून आजूबाजूच्या घरांतल्या सुऱ्या, कैच्या, पावश्या मी घरी आणू लागलो. विळीला आमच्याकडे पावशी म्हणतात.

सुरुवातीला सगळं काम निसण्यावर, हाताने चालायचं. पुढे डाव्या अंगठ्याचा सांधा धरू लागला. निसण्यावर पातं एकाच कोनात धरायचं तर अंगठा हलून चालत नाही. मग पकडीचा एक संच ऑनलाइन मागवला. त्यात पातं दोन जबड्यांच्या चिमट्यात आवळायचं. मागच्या खांबावर एक कडी असते, तिच्यातून एक सळई येते आणि सळईवर घासायचा दगड बसवलेला असतो. कडी वर-खाली केली की कोन बदलतो. अमेरिकेतल्या लॅन्स्की या जुन्या संचात १७, २०, २५ आणि ३० अंशांची ठरलेली भोकंच असतात. माझा संच वेगळ्या घडणीचा, पण हिशेब तोच. एक बाजू झाली की चिमटा पात्यासकट फिरवायचा आणि दुसरी बाजू घासायची. हाताने फक्त दगड पुढे-मागे करायचा, कोन संच सांभाळतो.

माझ्या संचाचा खालचा जबडा सदोष निघाला. तो दोष सापडायला मला जवळपास दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत जे कळलं ते इथे लिहितो आहे. घरात असा संच असेल किंवा घ्यायचा विचार असेल, तर उपयोगी पडेल.

१. हात चुकला असं लगेच मानून मोकळं होऊ नका

हिवाळ्याचे दिवस होते. आमच्या गल्लीत एक वहिनी ऑर्डरप्रमाणे सांबारवड्या करून देतात. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. थंडीत ती स्वस्त आणि हिरवीगार मिळते, तेव्हा त्यांच्याकडे रोज तीन-चार किलो सांबार बारीक चिरावा लागतो. त्यांची सुरी मी धार लावून दिली होती. चौथ्या दिवशी त्या स्वतः सुरी घेऊन आल्या.

"काकाजी, रागावू नका. पण हे सुरी एका बाजूनंच पळून राहिली. आन् सांबार कटत नाही, चेंगरते."

त्यांनी पदरात बांधून आणलेला चिरलेला सांबार दाखवला. मी तो तळहातावर घेतला. चांगल्या धारेने चिरलेला सांबार कोरडा असतो, पानाची कड स्वच्छ दिसते आणि तासाभराने हात लावला तरी तो मोकळाच राहतो. हा ओला होता. पानांच्या कडा काळपट पडल्या होत्या, देठं तुटण्याऐवजी चपटी झाली होती आणि माझ्या तळहातावर हिरवं पाणी उतरलं होतं. असा सांबार सारणात गेला तर सारणाला पाणी सुटतं आणि तळताना वडी फुटते. त्यांचा एक दिवसाचा माल माझ्या धारेने खराब केला होता.

मी म्हटलं, हात थकला असेल. सुरी ठेवून घेतली, पुन्हा घासली आणि दिली. आठवड्याने ती पुन्हा आली. मग मी आणखी सावकाश, आणखी काळजीने, दोन्ही बाजूंना मोजून तेवढेच हात दिले. तरीही सुरी तशीच पळत होती. त्या दोन-तीन खेपांत त्यांच्या पात्याची दीड मिलिमीटर तरी रुंदी माझ्या दगडाने खाल्ली. ते पोलाद परत येत नाही.

चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाला स्वतःवर आळ घेण्याची सवय असते. ती वाईट नाही. पण मी आळ घेतला आणि तिथेच थांबलो. तपासलं काहीच नाही. कामावर असताना पंपाचा आवाज बदलला तर पहिल्याच तासाला आम्ही बेअरिंग, कपलिंग, पाया सगळं बघत असू. घरच्या कामात मी ती शिस्त पाळली नाही, आणि त्याचं नुकसान दुसऱ्याच्या सुरीला झालं.

२. पकडीच्या संचात चूक हाताने सावरता येत नाही

शिकलगार ही आपल्याकडची धार लावणाऱ्यांची जुनी जात. तलवारीला झिलई देणं या अर्थाच्या अरबी शब्दावरून ते नाव आलं. त्यांच्यातला एक म्हातारा माझ्या लहानपणी आमच्या गावी यायचा. साणेवर पातं टेकवताना त्याची नजर ठिणग्यांवर असायची. ठिणगी धारेच्या वरून उडाली की पातं फार उभं झालं, खालून उडाली की आडवं पडलं. चाक जरा वाकडं फिरत असलं, तरी त्याचं मनगट ते सावरून घ्यायचं. त्याला ते कळतही नसावं.

पकडीच्या संचात आपण मनगटाचं काम एका लोखंडी तुकड्यावर सोपवतो. तो तुकडा खरा असेल तर नवशिक्याचीही धार उत्तम येते. तो खोटा असेल तर चाळीस वर्षांचा हातही काही करू शकत नाही, कारण दगड सळईच्या वाटेनेच जाणार. उलट काळजीपूर्वक, सारख्या दाबाने घासलं की चूकही तितकीच काटेकोर, दर वेळी तीच येते. एकसारखी येणारी चूक हाताची नसते. हे मला पहिल्याच आठवड्यात सुचायला हवं होतं.

३. शाई लावून पाहा, मग पातं उलटून पाहा

हा भाग नीट वाचा, कारण दोष शोधून देणारी खरी कसोटी हीच आहे.

एक काळा मार्कर पेन घ्या. पात्याच्या दोन्ही बाजूंना, धारेच्या उतारावर शाई फासा. धारेचा उतार म्हणजे कडेला असलेली ती चकचकीत बारीक पट्टी. ज्या कोनात आधी धार लावलेली असेल तोच कोन संचावर लावा आणि बारीक दगडाने प्रत्येक बाजूला फक्त दोन-तीन हात द्या. आता भिंगाखाली पाहा. शाई पूर्ण पट्टीवरून सारखी गेली असेल तर कोन जुळला. शाई फक्त वरच्या काठावरून गेली आणि धारेच्या टोकाशी राहिली, तर दगड फार आडवा पडतो आहे. टोकाची गेली आणि वरची राहिली, तर दगड फार उभा पडतो आहे.

कोन बरोबर उतरलेली एक नवी सुरी घेऊन मी हे केलं. वरच्या जबड्याकडच्या बाजूला शाई काठावरून गेली, टोकाला राहिली. खालच्या जबड्याकडच्या बाजूला बरोबर उलटं. म्हणजे एका बाजूला कोन कमी, दुसऱ्या बाजूला जास्त.

पण एवढ्यावरून दोष पात्याचा की पकडीचा हे ठरत नाही. पातंच वाकडं असू शकतं, किंवा त्याची एक बाजू जास्त घासलेली असू शकते. म्हणून आता पातं काढायचं, उलटं करायचं (जी बाजू वरच्या जबड्याला होती ती खालच्याला) आणि पुन्हा शाई लावून तेच करायचं. चूक पात्याबरोबर दुसऱ्या बाजूला गेली तर दोष पात्यात. चूक जबड्यापाशीच राहिली, म्हणजे आताही वरच्या जबड्याकडेच काठावरून शाई गेली, तर दोष पकडीत. माझ्याकडे चूक जबड्यापाशीच राहिली. आणखी तीन वेगवेगळ्या सुऱ्यांवर पाहिलं. चारही वेळा तेच.

उलटून पाहण्याची ही रीत सुताराला आणि फिटरला नवी नाही. गुण्या खरा आहे का हे बघायला आपण फळीच्या सरळ कडेला तो लावून एक रेघ मारतो, मग गुण्या पालथा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारतो. रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा; वरच्या टोकाला फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक गुण्यात. लेव्हलची नळीही अशीच फिरवून तपासतात. मोटार आणि पंप एका रेषेत आणताना डायल गेजचं वाचन वर घेतात, मग अर्धा फेरा फिरवून खाली घेतात, तेही त्याच कारणाने. उलटवल्यावर जी चूक जागच्या जागी राहते तिचा मालक ओळखता येतो. हे मी शेकडो वेळा मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या यंत्राजवळ केलं आहे. स्वयंपाकघरातल्या सुरीसाठी ते आठवायला मला दोन महिने लागले, याचं वाईट वाटतं.

४. मोजा आणि आकडा कागदावर लिहा

चिमटा सोडवून खालचा जबडा हातात घेतला. डोळ्याला तो सरळच दिसत होता. पोलादी पट्टी उभी धरून त्याच्या पकडीच्या बाजूवर टेकवली आणि खिडकीकडे करून पाहिलं. पट्टीखालून मागच्या बाजूला उजेडाची एक बारीक पाचर दिसली. तिच्या शेवटाला, अगदी मागच्या काठाला, रंगाखाली एक उंचवटा होता. नखाने लागत होता, डोळ्याला दिसत नव्हता. फीलर गेजचं ०.२५ चं पान त्या फटीत सहज गेलं, ०.३० चं अडकलं. व्हर्निअरने जाडी मोजली. पुढच्या काठाला ४.०० मिलिमीटर, मागच्या उंचवट्यावर ४.३०.

तीन दशांश मिलिमीटर म्हणजे साध्या कागदाच्या तीन पानांएवढी जाडी. एवढ्याने काय होतं, असं कुणालाही वाटेल. फिटरचा एक सोपा हिशेब आहे : ५७ मध्ये १ चढ म्हणजे साधारण एक अंश. माझा जबडा पुढच्या काठापासून उंचवट्यापर्यंत १२ मिलिमीटर. बारामध्ये तीन दशांश म्हणजे चाळीसात एक. म्हणजे जवळजवळ १.४ अंश. पातं चिमट्यात तेवढं कलंडून बसत होतं. संच २० अंशांवर लावला की एका बाजूला १८.६ आणि दुसऱ्या बाजूला २१.४ अंश पडत होते.

दोन्हींची बेरीज चाळीसच राहते, आणि फसायला तिथेच होतं. धार बोटाला तीक्ष्ण लागते. कागद कापते. तपासणारा खूश होतो. पण धारेचं टोक पात्याच्या मध्यावरून एका बाजूला सरकतं आणि कापताना सुरी वाट सोडते. कडक भोपळा कापला तर लगेच कळतं, कागदावर कळत नाही. वहिनींचा हात माझ्या कागदापेक्षा खरा ठरला.

५. कानस कपाटात ठेवा

उंचवटा सापडल्यावर माझा हात आपोआप बारीक कानशीकडे गेला. दहा मिनिटांचं काम होतं. शेगड्यात धरायचं, चार हात मारायचे, मोकळं व्हायचं. तेव्हा मुलगी घरी आली होती. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही घासलं की विकणारा म्हणेल तुम्हीच बिघडवलं."

तिचं म्हणणं बरोबर होतं. जोवर भाग जसा आला तसा आहे, तोवर तो पुरावा आहे. कानस लागली की तो तुमचा भाग झाला. रंगसुद्धा खरवडू नका. आधी फोटो काढा, आणि फोटोत मोजमाप दिसलं पाहिजे. पट्टीखालची उजेडाची फट, फटीत अडकलेलं फीलर गेजचं पान आणि त्यावरचा आकडा, व्हर्निअरचे दोन्ही आकडे, शाई लावलेल्या पात्याच्या दोन्ही बाजू. खिडकीतून येणाऱ्या उजेडात, फ्लॅश न लावता. आम्ही नऊ फोटो काढले.

६. हलणारी वस्तू आवळून थांबत नाही

उंचवट्यामुळे पातं चिमट्यात डुलायचं, आणि डुललं की मी अॅलन की आणखी आवळायचो. बोल्ट पोलादाचा, पण ज्यात तो जातो ते अंग मऊ ओतीव धातूचं. दीड महिन्यात आतले पहिले दोन आटे गेले. बोल्ट सुरुवातीला फिरायचा, पकडायचा नाही. एका दोषाने दुसरा जन्माला घातला, आणि दुसऱ्यात माझा वाटा होता. तक्रारीत मी तेही लिहिलं. दोष लपवला असता तर पहिल्या म्हणण्यावरचा विश्वासही गेला असता.

पाय न टेकणारी मोटार पायाच्या बोल्टने दाबून खाली बसवली, तर तिचं अंगच वाकतं आणि बेअरिंग मरतं. आमच्याकडे त्याला सॉफ्ट फूट म्हणतात. उपाय एकच : बोल्ट सोडा, फट मोजा, तेवढ्या जाडीची पत्री खाली घाला आणि मग आवळा.

७. तक्रार पाच ओळींत लिहा, आणि कायदा माहीत असू द्या

पहिल्यांदा विकणाऱ्याला फोन केला तेव्हा उत्तर आलं, "सर, वापरण्याची पद्धत एकदा तपासा." परत करण्याची सात दिवसांची मुदत संपल्याचंही सांगितलं. मी दोन दिवस रागातच होतो. तिसऱ्या दिवशी मुलीला सांगितलं, लिही. तिने पाठवलेला मजकूर साधारण असा होता :

वस्तू मिळाल्याची तारीख आणि ऑर्डर क्रमांक हा. दोष खालच्या जबड्यात आहे. मागच्या काठाला ०.३० मिलिमीटर उंचवटा. चार सुऱ्या उलटसुलट करून तपासल्या, चूक दर वेळी जबड्यापाशीच राहते, फोटो सोबत. डुलणाऱ्या पात्यामुळे बोल्ट जास्त आवळला गेला, त्याचे दोन आटे गेले आहेत. पूर्ण संच परत नको, खालचा जबडा, त्याचं अंग आणि बोल्ट बदलून द्यावा.

काय हवं ते शेवटच्या ओळीत स्पष्ट लिहिणं महत्त्वाचं आहे. आपण दोन पानं मनस्ताप लिहितो आणि मागणी लिहायला विसरतो. समोर बसलेल्या मुलाला काय पाठवायचं हे कळलं तर तो पाठवू शकतो.

आता कायद्याचं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच महिन्यात ऑनलाइन खरेदी-विक्रीचे नियम आले. त्या नियमांप्रमाणे ऑनलाइन विक्री करणाऱ्या मंचाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि एका महिन्यात तिचा निकाल लावावा लागतो. वस्तू सदोष असेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. सात दिवसांची मुदत मन बदलण्यासाठी असते. दोष असला तर गोष्ट वेगळी. हा फरक आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतो, आणि त्यावरच नकार चालतो.

उत्तर आलंच नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. त्याच्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग. नव्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. विकणारा दिल्लीत असो की सुरतेत, आपल्याला नागपुरातच जायचं. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. वकील लागतोच असंही नाही. हे सगळं आपल्याला आपोआप मिळालेलं नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यातून ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं, तेव्हा देशात ग्राहकांसाठी वेगळा कायदाही नव्हता. पहिला कायदा १९८६ चा. त्याला २४ डिसेंबरला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, म्हणून त्या दिवशी ग्राहक दिन असतो.

मला एवढं पुढे जावं लागलं नाही. मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याला तेच पाच ओळींचं पत्र नऊ फोटोंसह गेलं. दुसऱ्या दिवशी पोच आली आणि सोळाव्या दिवशी खोकं. माझी खात्री आहे की ते काम फोटोतल्या फीलर गेजच्या पानाने केलं.

८. वाट बघताना पत्री घाला

सोळा दिवस सुऱ्या थांबत नाहीत. भागाला हात न लावता काम चालवायचं तर जबड्याच्या पुढच्या काठाला उंचवट्याएवढीच जाडी द्यायची. मी आधी वहीच्या कागदाच्या तीन पट्ट्या घातल्या. कागद साधारण ०.१० मिलिमीटरचा, तीन मिळून हिशेब बरोबर. पण दगडावरचं पाणी झिरपलं आणि कागद दबला. मग थंड पेयाचा रिकामा डबा कापला. त्याची भिंत जवळपास तेवढीच पातळ असते आणि पाण्याने बिघडत नाही. कात्रीने पट्ट्या कापा, कडा घासून घ्या, नाहीतर बोट कापतं. तीन पट्ट्या चिकटपट्टीने पुढच्या काठाला बसवल्या, शाई लावून पाहिलं. दोन्ही बाजूंना शाई सारखी गेली. बोल्ट मात्र उरलेल्या आट्यांवर हलक्या हाताने आवळत होतो.

९. नवा भागही तसाच तपासा

खोकं उघडतानाचा व्हिडिओ घेतला. जबडा पट्टीवर टेकवला, व्हर्निअर लावला. पुढे ४.०२, मागे ४.०७. पाच शतांशांचा फरक, म्हणजे पाव अंशाच्या आत. स्वयंपाकघराच्या सुरीला तेवढा चालतो.

जुना जबडा परत नको असं त्यांनी कळवलं होतं. तेव्हा कुठे मी त्याचा रंग खरवडला. खाली साच्याच्या दोन भागांची शिवण सरळ रेषेत होती. ओतकाम झाल्यावर ती घासून काढायची राहून गेली आणि वर रंग बसला. कोण्या कामगाराचा एक हात मारायचा राहिला, एवढंच.

एक सूचना इथेच. पाठीकडून धारेकडे सलग निमुळती होत जाणारी पाती चांगल्या जबड्यातही थोडी कलतात. त्यांना पाठीपाशी पकडा आणि शाईची परीक्षा द्या. लगेच संचाला दोष देऊ नका.

१०. ज्यांच्या सुऱ्या गेल्या त्यांच्याकडे जा

वहीत नावं होती. त्या दोन महिन्यांत अकरा घरांच्या सुऱ्या माझ्या हातून गेल्या होत्या. मी प्रत्येक घरी गेलो, काय झालं ते सांगितलं आणि सुऱ्या परत मागून आणल्या. बहुतेकांना काही कळलंच नव्हतं. "धार तर मस्त हाय ना जी," असंच एका घरी म्हणाले. तरी आणल्या. मटणाचं दुकान असलेल्या भावाने मात्र लगेच मान हलवली. त्याचा सुरा हाडाजवळ बाहेर सरकत होता आणि तो मनगट वळवून निभावत होता, मला सांगत नव्हता. पुढच्या वेळी सांग, एवढं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

वहिनींच्या सुरीला सगळ्यांत जास्त वेळ लागला. धारेचं टोक पुन्हा मध्यावर आणायचं तर एका बाजूने जास्त घासावं लागतं, आणि त्यात आधीच दीड मिलिमीटर गेलेलं. दोन संध्याकाळी गेल्या. धारेमागे येणारी बारीक बर उलटसुलट हलक्या हातांनी काढली, चामड्यावर फिरवली. देताना त्यांच्याच ओट्यावर एक जुडी चिरली. पानं सुटी पडली. तळहातावर घेतली तर तळवा कोरडा होता.

तुमच्या घरी असा संच आला असेल तर पहिल्याच दिवशी, परत करण्याची मुदत चालू असतानाच, एका सुरीला शाई लावा, दोन हात द्या, पातं उलटवा आणि पुन्हा दोन हात द्या. याला पाच मिनिटं लागतात. आणि दुसऱ्याची सुरी हातात घेण्याआधी ती पाच मिनिटं नक्की काढा.